डोळे आखलेली मोटार

दयाराम मढवींनी मोटार बनवायचं ठरवलं ते अगदी गुपचूप, कुणाला पत्ता लागू न देता. निदान मढवींचं स्वतःचं म्हणणं तसं आहे. प्रत्यक्षात ते ठरलं सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी न्हाणीघरात, आणि मढवींनी ते तिथूनच बायकोला ओरडून सांगितलं. पनवेलच्या पारिजात सोसायटीतल्या सगळ्या न्हाणीघरांच्या खिडक्या एकाच डक्टमध्ये उघडतात. त्यामुळे अंगाला दुसरा साबण लागायच्या आत चौथ्या मजल्यावरून रमाताई भोपींचा, म्हणजे सोसायटीच्या अध्यक्षांचा, आवाज आला, "मढवी, मोटार बनवा खुशाल, पण ठेवणार कुठे? पार्किंग एका घराला एकच आहे हां."

मोटार म्हणजे खरी मोटार नव्हे, हे समजावून सांगण्यात पुढचा आठवडा गेला. त्याचं असं आहे, मढवींकडे 'चपळा' नावाची एक लाल गाडी आहे. चपळा म्हणजे गेली तीस वर्षं चालत आलेली छोटी, मागे डिकीचं दार असलेली, पण धावण्याची मिजास मोठ्या गाडीची असलेली मोटार. दर पाच-सहा वर्षांनी कंपनी तिला नवं रूप देते आणि लोक म्हणतात, "पहिली होती ती होती." मढवींची अगदी सुरुवातीच्या खेपेतली. तिचं वय कुणी विचारलं तर मढवी दोन वर्षं कमी सांगतात. तिसाव्या वाढदिवसानिमित्त कंपनीनं चपळेच्या मालकांसाठी स्पर्धा जाहीर केली होती: उद्याची चपळा कशी असेल? चित्र चालणार नाही, मॉडेल हवं, खऱ्या गाडीच्या चौथाईएवढं. अशा मोटारीला कन्सेप्ट कार म्हणतात. ती कधीच रस्त्यावर यायची नसते, म्हणून तिला वाटेल तसं दिसायची मुभा असते. लग्नाआधी काढतात त्या फोटोंसारखंच ते.

पहिल्या तीन मॉडेलांना कंपनीच्या संग्रहालयात जागा मिळणार होती. पण मढवींची नजर अडकली ती त्याखालच्या ओळीवर. निवडलेल्या प्रत्येक मॉडेलसाठी पितळी पाटी मिळणार होती आणि तिच्यावर डिझायनरचं पूर्ण नाव कोरलेलं असणार होतं.

आता इथे थोडं गंभीर व्हावं लागेल. मढवी एका सरकारी कचेरीत एकतीस वर्षं आरेखक होते. गटारांची झाकणं, जाळ्या, मोऱ्या, नाल्यांचे काटछेद हे सगळं त्यांच्या हातचं. पनवेलच्या माणसानं सकाळी फिरायला निघावं आणि मढवींनी काढलेल्या एखाद्या वस्तूवर पाय न देता परत यावं, हे कठीण. प्रत्येक नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट असते. तिच्यात कार्यकारी अभियंत्यांचं नाव पदवीसकट, मग उपअभियंत्यांचं, मग शाखा अभियंत्यांचं, आणि सगळ्यात खाली बोटाच्या नखाएवढ्या रकान्यात 'आरेखन' असं छापलेलं. त्या रकान्यात मढवी दोन अक्षरं लिहीत: द. म. नोकरीच्या चौथ्या वर्षी एकदा त्यांनी तिथे बारीक अक्षरांत आपलं पूर्ण नाव बसवलं होतं. नकाशा परत आला. नावाभोवती लाल पेन्सिलीनं गोल होता आणि शेजारी शेरा होता, 'अनावश्यक मजकूर'. त्यानंतर त्यांनी पुन्हा दोनच अक्षरं लिहिली. पण आता निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं, आणि कुठेतरी, कशावर तरी, एकदा आपलं सगळं नाव असावं असं त्यांना फार वाटत होतं.

सरकारी नोकराला स्पर्धेत भाग घ्यायचा तर ना हरकत लागते. मढवींनी नियमाप्रमाणे अर्ज केला. तीन आठवड्यांनी उलट पत्र आलं: 'सदर मोटारीची कल्पना आपणांस कार्यालयीन वेळेत सुचली किंवा कसे, याचा खुलासा करावा.' मढवींनी खुलासा केला की कल्पना सकाळी सात-दहाला, स्नान करताना सुचली. त्यावर विचारणा झाली की यास साक्षीदार आहे काय. मढवींनी मोठ्या जड मनानं लिहिलं की संपूर्ण सोसायटी आहे. ते प्रकरण मग वरच्या मजल्यावर गेलं आणि तिथेच राहिलं.

इकडे मढवींनी फ्रिजच्या खोक्याची पहिली चपळा केली. ती आषाढातल्या हवेत मऊ पडली आणि एका सकाळी तिनं डिकी टेकली. दुसरी थर्माकोलची केली. तिचा भुसा शकूवहिनींना, म्हणजे मढवींच्या पत्नीला, आमटीतसुद्धा सापडायला लागला. "तुम्ही जिंका नाहीतर हरा," त्या म्हणाल्या, "पण ही गाडी माझ्या जेवणात नको."

सल्ल्यांना तोटा नव्हता. तळमजल्यावरच्या एकानं कुणालाही न विचारता छपरावर कॅरियर सुचवला, आणि रमाताईंनी गाडीत सोसायटीच्या सभेच्या खुर्च्या मावतील का ते विचारलं. कामाचं बोलला तो एकटा अब्दुल्ला तुंगेकर. अब्दुल्लाभाई समोरच्या दारात राहतात. त्यांनी बावीस वर्षं कुवेतला मोटारींच्या शोरूममध्ये काढली आणि आता नाक्यावर टायरचं दुकान चालवतात. त्यांनी थर्माकोलचा एक तुकडा उचलून बोटांत चुरला.

"दयाराम, तुला खरं सांगू? ह्या कंपन्या गाडी आधी मातीची करतात. हातानं. आमच्या शोरूमच्या टीव्हीवर दिवसभर तीच फिल्म लावायचे."

"मातीची?"

"मातीची. आणि तू राहतोस कुठे? पेण इथून तासावर. सगळी दुनिया मातीच्या कामाला तिकडे जाते आणि तू फ्रिजचा खोका कापतोस. कमाल आहे तुझी."

पारिजात सोसायटीचा गणपती दरवर्षी पेणच्या अलीकडच्या एका गावातून, आनंदा घरतच्या कारखान्यातून येतो. मढवी पुढच्या रविवारी लाल चपळा काढून, बगलेत नकाशांची गुंडाळी घेऊन तिकडे गेले. कारखाना म्हणजे पत्र्याची लांब शेड. आत चारी बाजूंनी फळ्यांवर पांढरेफटक गणपती, अजून रंग न लागलेले. आनंदा साठीकडे झुकलेला, शाडूनं कोपरापर्यंत माखलेला माणूस. त्यानं नोंदवही उघडली.

"बोला सायब. किती फुटी?"

"तीन. म्हणजे लांबी तीन फूट."

"लांबी?" आनंदानं वर बघितलं. "बरं. बैठक कशी? लोडाला टेकून का शिंव्हासन?"

"चार चाकांवर."

"म्हंजे रथातला पायजे."

"रथच म्हणा. पण आत कुणी नाही."

आनंदाचं पेन थांबलं. "आत कोन नाय? मंग बसवनार काय तुमी?"

मढवींनी नकाशे पसरले. समोरून, बाजूनं, वरून, आणि तीन ठिकाणी कापून. आनंदानं ते पाहिले मात्र, त्याचा चेहरा बदलला. इतक्या वर्षांत त्याच्याकडे लोक मोबाइलवरचा धूसर फोटो घेऊन आले होते, कॅलेंडर घेऊन आले होते, पण उंदराच्या शेपटीचंसुद्धा माप कुणी आणलं नव्हतं. "ह्ये तुमच्या हातचं?" त्यानं विचारलं, आणि नोंदवहीत लिहिलं: मढवी, पारिजात सोसायटी, तीन फुटी. वस्तू काय ते लिहायला त्या वहीत रकानाच नव्हता. तिथून काय जातं ते जगाला ठाऊक होतं.

मग सहा रविवार मढवींनी तिथे काढले. उद्याच्या चपळेच्या छपरावर त्यांनी वाटेवरच्या कर्नाळा किल्ल्याच्या सुळक्यासारखा एक उभार दिला होता, तो आनंदाला पहिल्या झटक्यात जमला. रोज त्याच्याच सावलीतून जाणारी माणसं ती. पुढची जाळी मात्र फोटोत बघून अब्दुल्लाभाई म्हणाले, "दयाराम, ही जाळी मी ओळखतो. माझ्या दुकानासमोर आहे. गेल्या महिन्यात माझा पाना हिच्यातूनच आत गेला." मढवींनी निरखून पाहिलं. एकतीस वर्षांची सवय हातातून मोटारीत उतरली होती. त्यांनी जाळी तशीच ठेवली.

रंगाची पंचाईत झाली. मढवींना चकाकता राखाडी हवा होता. आनंदानं डोकं खाजवलं. "राखाडी आमाला फक्त उंदराला लागतो, सायब. पन यंदाचे समदे उंदीर झाले हायत. उरलाय तो तुमचाच."

त्या शेडच्या दारात, जिथे सकाळचं ऊन थेट येतं, तिथे स्टुलावर एक म्हातारी बसलेली असे. ती आनंदाची आई चंद्रावतीबाई. माती, रंग, दागिने हे सगळं बाकीचे करत. ती फक्त आखणी करी, म्हणजे मूर्तीचे डोळे काढी. पंचेचाळीस वर्षं ती तेवढंच करत होती. सकाळी अकरापर्यंतच, उजेड सरळ असेतो. ती ब्रश उचलायची तेव्हा शेडमध्ये कुणी बोलायचं नाही अशी शिस्त होती. दुसरा डोळा पुरा झाला की ती मान मागे घेऊन बघे आणि म्हणे, "आता बगतोय." मग मूर्ती उचलून फळीवर जाई. दाराबाहेरच्या फलकावर कै. आत्माराम घरत, मूर्तिकार, असं लिहिलेलं होतं आणि खाली आनंदाचं नाव होतं. चंद्रावतीबाईला लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यामुळे फलकावर काय आहे आणि काय नाही याची तिनं कधी चौकशी केली नव्हती. मढवींनीही केली नव्हती.

स्पर्धा गणेश चतुर्थीच्या दोन दिवस आधी, खारघरच्या एका मॉलमध्ये होती. आदल्या दिवशी मढवी मोटार न्यायला गेले तेव्हा ती पाटावर तयार होती, आणि तिच्यावर लाल फडकं बांधलेलं होतं.

"एकदा बघू?" मढवी म्हणाले.

"वाटंत त्वांड उगडायचा नाय," आनंदा म्हणाला. "घरी न्यायचा, बसवायचा, मंग उगडायचा. रीत हाय."

आता दुसऱ्या मुलखातला कुणी असता तर तो मोटारीला कसली आली रीत म्हणून फडकं ओढून मोकळा झाला असता. पण मढवी लहानपणापासून पाटावरचं तोंड झाकून आणत आलेले. त्यांचा हात वर झालाच नाही. उलट चौघांनी पाट उचलून चपळेच्या मागच्या भागात सरकवला तेव्हा "मोरया!" असं जे मोठ्यानं कुणी म्हणालं, ते स्वतः मढवी होते.

कर्नाळ्याच्या चढावर गाड्यांची रांग लागली होती. बंदोबस्ताचा हवालदार खिडकीतून डोकावला. लाल फडकं पाहून त्यानं टोपी काढून हात जोडले आणि स्वतः लोखंडी अडथळा बाजूला ओढला. मढवींनी खुलासा करायला तोंड उघडलं होतं, पण मागे चाळीस गाड्या भोंगे वाजवत होत्या. एवढ्या लोकांसमोर खुलासा करणं त्यांना प्रशस्त वाटलं नाही.

तिकडे पारिजातमध्ये रमाताईंनी सोसायटीच्या गणपतीची चौकशी करायला आनंदाला फोन लावला होता. सोसायटीची मूर्ती दुसऱ्या दिवशी यायची होती. "पारिजातचं उद्या निघतंय ना हो?" त्यांनी विचारलं. आनंदानं वही पाहिली. पारिजात सोसायटी, तीन फुटी. "निंगालं की. मडवीसायबांच्या गाडीतून." एक दिवस आधी आलं तर चांगलंच, रमाताईंना त्यात काही वावगं वाटलं नाही. मढवी दर रविवारी पेणला जातात हे त्या बघत होत्याच, आणि हा माणूस सोसायटीसाठी इतके खेटे घालतो म्हणून त्यांना त्यांच्याबद्दल नव्यानं आदरही वाटायला लागला होता.

त्यामुळे मढवी फाटकातून आत शिरले ते थेट ढोलाच्या गजरात. त्यांच्या डोक्यावर टोपी आली, अंगावरून भाकरतुकडा ओवाळला गेला आणि स्पर्धेसाठी घेतलेल्या नव्या बुटांवर तांब्याभर पाणी पडलं. "अहो, ही मोटार आहे," मढवी म्हणाले. "मोटारीतून आणलीत ते दिसतंय आम्हाला," रमाताई म्हणाल्या, "जरा सरका." बघता बघता पाट मखरात गेला, आरती झाली, आणि रमाताईंनी स्वतःच्या हातानं फडकं काढलं.

मखरात राखाडी मोटार बसली होती. आणि ती सगळ्यांकडे बघत होती.

मढवींनी पुढच्या दिव्यांचा आकार लांबट, टोकाला किंचित वर उचललेला दिला होता. चंद्रावतीबाईनं पंचेचाळीस वर्षांत डोळ्यांच्या जागा कोऱ्या ठेवून काही बाहेर जाऊ दिलं नव्हतं. मढवींनी आखलेल्या त्या दोन रिकाम्या जागांत तिनं डोळे आखले होते. काळीभोर बुबुळं, कडेला गुलाबी छटा, वरून पापणीची एकच सलग रेघ. नजर अशी शांत आणि मायेची, की समोरच्या माणसाला आपलं काहीतरी चुकलंय पण चालेल, असं वाटावं.

मढवींना आधी संताप आला. त्या दिव्यांवर त्यांनी तीन रविवार घालवले होते. मग रडू आल्यासारखं झालं. रमाताईंनी ओरडायला म्हणून हात वर केले आणि ते त्यांच्या नकळत जोडले गेले. मागच्या बायकांनीही जोडले. शकूवहिनी तेवढ्या म्हणाल्या, "अगं बाई, किती छान बघतेय!"

नंतर जी सभा झाली तिच्यात दोन तट पडले. रमाताईंचं म्हणणं, ओवाळून, आरती करून बसवलेलं आता हलवायचं नाही. मढवींचं म्हणणं, उद्या अकराला खारघरला पोचलं नाही तर आयुष्यातली एक संधी गेली. गुरुजींना फोन केला. ते म्हणाले, मोटारीत प्राणप्रतिष्ठा होत नसते, फार तर पेट्रोल भरता येतं. पण गुरुजी चेष्टेखोर आहेत असं म्हणून रमाताईंनी ते अमान्य केलं. मढवी एका खुर्चीत बसून राहिले. त्यांच्या बुटांतून पाणी ठिबकत होतं. शेवटी दारात उभे असलेले अब्दुल्लाभाई म्हणाले, "रमाताई, एक बोलू? पाहुणा चुकून शेजारच्या घरी आला तर आपण काय करतो? त्याची इज्जत करतो, खाऊ घालतो, आणि ज्या घरचा आहे तिथे पोचवून येतो. धरून ठेवत नाही."

हे मात्र रमाताईंना पटलं. पण त्यांनी अट घातली: जिंको अथवा हरो, अशा नजरेची वस्तू पार्किंगमध्ये धूळ खात पडायची नाही. सोसायटीच्या गणपतीबरोबर तिचं विसर्जन व्हायचं. मढवींनी कबूल केलं. त्या क्षणी त्यांनी काहीही कबूल केलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मढवी ओलं फडकं घेऊन मोटारीसमोर उकिडवे बसले. दोन हात फिरवले असते की डोळे गेले असते आणि त्यांचे दिवे परत आले असते. शकूवहिनी मागे येऊन उभ्या राहिल्या. "पुसा की," त्या म्हणाल्या. मढवींनी फडकं त्यांच्यापुढे धरलं. "तू पूस," ते म्हणाले. "मी नाही बाई," म्हणून वहिनी आत गेल्या आणि दहीपोहे घेऊन आल्या. मोटारीला दही दाखवून, रमाताईंच्या देखरेखीखाली, वरात खारघरला निघाली.

मॉलमध्ये तेवीस मॉडेलं मांडली होती. कुणाच्या चपळेला पंख होते, कुणाची अर्धी पारदर्शक होती, एकीला छप्परच नव्हतं. सगळ्यांना आतून दिवे लावलेले. त्यांच्या मध्ये मढवींची मोटार पाटावर बसून शांतपणे बघत होती. बारापर्यंत तिच्यासमोर चपलांची एक रांग लागली. कुणी काढायला सांगितल्या नव्हत्या. एका आजोबांनी दोन जास्वंदी ठेवल्या, त्या कुठून आणल्या देव जाणे.

कंपनीकडून परीक्षक म्हणून स्नेहल नावाची एक तरुण डिझायनर आली होती. ती प्रत्येक मॉडेलपाशी दोन मिनिटं थांबत होती. मढवींच्या मोटारीपाशी ती दहा मिनिटं उभी राहिली.

"सर, आम्ही स्टुडिओत दोन वर्षं हेडलॅम्पवर भांडतोय," ती म्हणाली. "सगळ्यांच्या गाड्या रागावलेल्याच दिसतात. ही गाडी कुणावर रागावलेली नाहीये. आणि बॉडीची लाइन कसली क्लीन आहे! पण हे डोळे, सर… हे कसं सुचलं तुम्हाला?"

एकतीस वर्षांत मढवींना कुणी 'हे कसं सुचलं' असं विचारलं नव्हतं. कचेरीनं विचारलं होतं, पण ते वेगळ्या अर्थानं.

"हा फॉर्म भरून द्या, सर," स्नेहल म्हणाली. "पाटीवर जसंच्या तसं हेच कोरतात. म्हणून स्पष्ट लिहा."

फॉर्मवर एकच रकाना होता. डिझायनरचे पूर्ण नाव.

मढवींनी पेन उघडलं. खरं सांगायचं तर 'द' लिहायला त्यांचा हात कागदापर्यंत गेलासुद्धा होता. गाडी त्यांची होती. रेघ न् रेघ त्यांची होती. दोन डोळे सोडले तर सगळं त्यांचं होतं, आणि ते डोळे त्यांनी मागितलेही नव्हते. कुणालाही कळलं नसतं. चंद्रावतीबाईला तर वाचतासुद्धा येत नव्हतं. पण मढवींना एकाएकी कार्यकारी अभियंत्यांचं ते पदवीसकट लिहिलेलं नाव दिसायला लागलं, आणि लक्षात आलं, त्या साहेबांनाही प्रत्येक वेळी असंच वाटत असेल की एवढं काय त्यात, कुणाला कळतंय. त्यांना स्वतःची लाज वाटली.

"माझ्याबरोबर आणखी एक नाव आहे," ते म्हणाले.

"सर, रकाना एकच आहे. फॉर्म वरून आलाय."

"रकान्याचं तुम्ही माझ्यावर सोडा," मढवी म्हणाले. त्यांनी खिशातून सहा इंची पट्टी आणि टोकदार पेन्सिल काढली, ही जोडी एकतीस वर्षं त्यांच्या खिशात होती, आणि छापील चौकटीच्या खाली तंतोतंत तेवढीच दुसरी चौकट आखली. रेषांची जाडीसुद्धा तीच. स्नेहलला क्षणभर वाटलं की ती आधीपासूनच छापलेली होती. वरच्या रकान्यात त्यांनी एकेक अक्षर सावकाश काढून लिहिलं, चंद्रावती आत्माराम घरत. खालचा रकाना त्यांनी झटक्यात भरला, कारण डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं आणि ते फॉर्मवर पडलं असतं तर शाई फुटली असती.

पहिला नंबर छप्पर नसलेल्या चपळेला मिळाला. अब्दुल्लाभाई म्हणाले, पनवेलच्या पावसात ती घेऊन दाखवा म्हणावं. मढवींच्या मोटारीला 'विशेष उल्लेख' मिळाला. म्हणजे संग्रहालय नाही, पण पाटी मिळणार होती.

मोटारीचं विसर्जन ठरल्याप्रमाणे पाचव्या दिवशी, वडाळे तलावाजवळच्या कृत्रिम हौदात झालं. नोंद घेणाऱ्या माणसानं घरगुती की सार्वजनिक, असं विचारलं. पाटाकडे बघितल्यावर त्यानं 'इतर' असं लिहिलं आणि पेन ठेवून हात जोडले. आधी चाकं विरघळली, मग गटाराची जाळी, मग कर्नाळ्याचा सुळका. डोळे सगळ्यात शेवटी पाण्याखाली गेले. रमाताई ढसाढसा रडल्या आणि नंतर म्हणाल्या की त्या गणपतीसाठी रडत होत्या.

त्याच आठवड्यात कचेरीचं पत्र आलं. स्पर्धेचा दिनांक उलटून गेला असल्याने आता आपल्या सहभागास या कार्यालयाची हरकत उरलेली नाही.

पाटी नवरात्रात कुरियरनं आली. सगळा मजला जमला होता. मढवींनी कात्रीनं खोकं उघडलं, वेष्टन काढलं, पाटी वाचली आणि खाली ठेवली. शकूवहिनींनी ती उचलली. वरच्या ओळीत ठसठशीत अक्षरांत होतं: चंद्रावती आत्माराम घरत. आणि खालच्या ओळीत तितक्याच ठसठशीतपणे:

द. म.

जसंच्या तसं कोरतात, असं स्नेहल म्हणालीच होती. एकतीस वर्षं त्या हाताला खालचा रकाना दिसला की एकच लिहायचं ठाऊक होतं, आणि घाईत त्यानं तेच लिहिलं होतं. शकूवहिनींना आधी हसू फुटलं. त्या भिंतीला टेकून हसल्या. मग त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं आणि त्यांचं हसणं थांबलं. अब्दुल्लाभाईंनी जमलेल्या मंडळींना "चला, चहा माझ्याकडे" म्हणून आपल्या घरात नेलं.

पुढच्या रविवारी मढवी पाटी घेऊन पेणच्या वाटेला लागले. त्यांनी स्वतःची अशी समजूत घातली होती की पाटी खरी तिचीच आहे, तेव्हा तिच्या घरी गेली की विषय संपला. कारखाना रिकामा होता. फळ्या धुऊन उन्हात टाकलेल्या. चंद्रावतीबाई दारातल्या स्टुलावर बसून बिनकामाच्या हातांकडे बघत होती. मढवींनी पाटी तिच्या मांडीवर ठेवली आणि काय झालं ते सांगितलं.

तिनं पितळेवरून बोट फिरवलं. "यात माजं कुठला?"

"ही वरची सगळी ओळ."

"येवरा लांब हाय माजं नाव?" ती खूश झाली. तिनं पुन्हा एकदा टोकापासून टोकापर्यंत बोट फिरवलं. मग ते खाली सरकलं. "आन् ह्ये दोन कसले ठिपके?"

"ते माझं."

"तुजं नाव येवराच?"

"नाही. दयाराम मढवी."

"मंग पुरा का नाय लिवला?"

"सवय," ते म्हणाले.

म्हातारी उठली, आतून काळ्या रंगाची वाटी आणि आखणीचा तो केसाएवढा ब्रश घेऊन आली आणि स्टूल ओढून उन्हात नेलं. "कागदावर लिव. मोटा लिव. माला वाचाया येत नाय, पन बगून आखाया येतं."

मढवींनी नकाशाच्या मागच्या कोऱ्या बाजूला आपलं नाव लिहिलं. लिहिताना हात पुन्हा दुसऱ्या अक्षरापाशी थांबू बघत होता. त्यांनी तो पुढे रेटला. चंद्रावतीबाईनं कागद समोर टेकवला, पाटी गुडघ्यांत धरली आणि म्हणाली, "आता बोलायचा नाय."

'द. म.'च्या खालच्या कोऱ्या पितळेवर ती अक्षरं लिहीत नव्हती, आखत होती. एकेक गोलाई, एकेक काना, पापणीची रेघ ओढावी तसा एका दमात. मढवी श्वास धरून शेजारी उकिडवे बसले होते. आतून आनंदा काही विचारायला आला आणि दोघांना बघून तसाच मागे फिरला. शेवटच्या वेलांटीचं टोक तिनं किंचित वर उचललं, ब्रश बाजूला ठेवला आणि मान मागे घेऊन पाटी लांब धरली.

"आता बगतोय," ती म्हणाली.

मढवींनी पाटी दोन्ही हातांत घेतली आणि रंग वाळेपर्यंत तशीच उन्हात धरून ठेवली.